ऑसिलेटर हाताने चालवून बघा, आणि तो खरंच परत आलाय का ते तपासा

गणपतीत मंडपाच्या कमानीवरची लायटिंग कधी पाच मिनिटं एका जागी उभं राहून बघितलीय का, म्हणजे गर्दीने ढकललं नाही तर? बल्ब जागचे हलत नाहीत, नुसते लागतात नि विझतात, तरी आपल्याला चक्र फिरताना दिसतं, आणि थोड्या वेळाने लक्षात येतं की अरे हे तर मघाचंच परत चालू झालं. ऑसिलेटर म्हणजे नेमकं हेच. फरक इतकाच की मंडपाच्या मागे कुठेतरी कंट्रोलरचा डबा असतो आणि इथे असला डबाबिबा काही नसतो, प्रत्येक घर फक्त आपल्या आजूबाजूच्या आठ घरांकडे बघतं आणि पुढच्या वेळी लागायचं की विझायचं ते ठरवतं.

या प्रकाराला सेल्युलर ऑटोमॅटा म्हणतात आणि त्यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे जॉन कॉनवे या गणितज्ञाचा गेम ऑफ लाइफ, जो १९७० च्या ऑक्टोबरमध्ये मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात छापला आणि जगभरच्या लोकांची झोप उडवली. मी स्वतः हे आधी कंप्युटरवर केलं आणि मग कागदावर, म्हणजे बरोब्बर उलटं, त्यामुळे दोन वेळा तोंडावर आपटलो. तुम्ही तसं करू नका म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

सामान आणि नियम

मोठ्या चौकोनांचा ग्राफ पेपर घ्या, अप्पा बळवंत चौकात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल, नाहीतर सरळ फरशीवर खडूने वीस बाय वीसची जाळी आखा. मूठभर राजमा, मूठभर शेंगदाणे आणि चिमूटभर तांदूळ घ्या. आमच्याकडे भाचीला सुट्टीत हे शिकवताना आधी चिंचोके शोधले, पण आता कोणाच्या घरात चिंचोके असतात, आणि नुसत्या शेंगदाण्यांवर भागवलं तर अर्धा खेळ पोटात जातो.

राजमा म्हणजे जिवंत घर, रिकामं म्हणजे मेलेलं. शेजारी म्हणजे चार बाजूंचे आणि चार कोपऱ्यांचे असे आठ. जिवंत घराला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असले तर ते पुढच्या पिढीत जगतं, कमी असले तर एकटेपणाने मरतं, जास्त असले तर गर्दीने. रिकाम्या घराला बरोबर तीन जिवंत शेजारी असले तर तिथे जन्म होतो. संपला नियम.

मोजायला एक सोपी युक्ती सांगतो, मला ती फार उशिरा कळली. शेजारी आणि स्वतः धरून नऊ घरांची बेरीज करा. बेरीज ३ आली की घर जिवंत, ४ आली की आहे तसंच राहू द्या, बाकी काहीही आलं तर रिकामं. मूळ नियमाशी ताडून बघा, तंतोतंत तोच आहे, फक्त आता "हे घर आधी जिवंत होतं का" हा प्रश्न एकाच बाबतीत विचारावा लागतो, बेरीज चार आली तरच. स्प्रेडशीटमध्ये करणार असाल तर हीच बेरीज तीन बाय तीनच्या तुकड्यावर लावायची, पहिल्या शीटवर आत्ताची पिढी, दुसऱ्या शीटवर फॉर्म्युला, आणि पुढे जायचं असेल तेव्हा दुसऱ्यावरच्या फक्त व्हॅल्यू कॉपी करून पहिल्यावर पेस्ट.

आधी खुणा, मग हालचाल

इथेच बहुतेकांचं चुकतं, माझंही इथेच चुकलं होतं. सगळी घरं एकाच क्षणी बदलतात. एक घर बदललं, मग त्याचा बदल धरून पुढचं मोजलं, असं चालत नाही. म्हणून आधी पूर्ण जाळी फिरायची, जिथे जन्म होणार तिथे शेंगदाणा ठेवायचा, जो राजमा मरणार त्याच्या शेजारी तांदळाचा एक दाणा, आणि मोजताना फक्त राजमाच मोजायचे, शेंगदाण्याकडे बघायचंसुद्धा नाही. पूर्ण फेरी झाली की तांदूळवाले राजमे उचला, शेंगदाण्यांच्या जागी राजमा ठेवा, आणि ही झाली एक पिढी.

सुरुवात ब्लिंकरपासून करा, म्हणजे एका ओळीत तीन राजमे. टोकाच्या दोघांना एकेकच शेजारी, ते गेले. मधल्याला दोन, तो राहिला. मधल्याच्या बरोबर वरच्या आणि खालच्या घराला तीन-तीन शेजारी दिसतात, तिथे जन्म. आडवी ओळ उभी झाली, आणि अजून एकदा केलं की परत आडवी. जितक्या पिढ्यांनी तेच चित्र परत येतं तो पिरियड, इथे पिरियड २.

आता माझी फजिती. कॉलेजात असताना मी याचा प्रोग्राम लिहिला आणि एकाच ॲरेमध्ये, म्हणजे जाळीच्या एकाच प्रतीत, वाचत वाचत बदलत गेलो. ब्लिंकर टाकला, एक पिढी पुढे गेलो, तर तीनाचे चार झाले, वरच्या ओळीत दोन, खालच्या ओळीत दोन आणि त्या दोघांच्या मध्ये भोक. मी दोन दिवस नियमच चुकीचा समजलोय म्हणून डोकं खाजवत होतो. झालं असं होतं की वरच्या घरात जन्म झाला, लगेच त्याच्या उजवीकडच्या घराने त्या नव्या बाळालाही शेजारी धरलं, त्याचे तीन भरले आणि तिथेही जन्म, आणि मग खालच्या मधल्याला चार शेजारी दिसले म्हणून तो गेला. म्हणून प्रोग्राम लिहिणार असाल तर दोन ॲरे, एक जुना एक नवा, यात तडजोड नाही. आणि टेस्ट म्हणून सगळ्यात आधी ब्लिंकरच टाका, हा बग तो पहिल्याच पावलात पकडतो.

हात बसवायला अजून दोन

बीकन सोपा आहे, दोन बाय दोनचे दोन ठोकळे कोपऱ्याला कोपरा लावून ठेवा, आतले समोरासमोरचे दोन कोपरे विझतात आणि परत लागतात, आठ, सहा, आठ, सहा. टोड जरा बघण्यासारखा आहे. तीन-तीनच्या दोन ओळी, एक घर सरकवलेल्या:

□■■■
■■■□

पुढच्या पिढीत हा असा उघडतो:

□□■□
■□□■
■□□■
□■□□

आणि त्याच्या पुढच्या पिढीत परत मिटतो. सायमन नॉर्टन या गणितज्ञाने हा १९७० मध्येच शोधला. आता यात एक गोष्ट बघा, मिटलेला असताना सहा घरं आणि उघडलेला असतानाही सहाच. आपण नुसती घरांची संख्या मोजत बसलो असतो तर म्हणालो असतो की काहीच बदलत नाही. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एका ओळीत पाच राजमे ठेवा. यात माझ्या मते सगळ्यात जास्त शिकायला मिळतं, कारण हातात पुरतो आणि तरी मध्ये गंमत आहे. घरांची संख्या अशी जायला हवी: ५, ९, ८, १२, १२, २०, १२. पहिल्या पिढीत तीन बाय तीनचा गच्च चौकोन होतो, दुसऱ्यात त्याची पोकळ अंगठी, असं करत सहाव्या पिढीत चार ब्लिंकर चार दिशांना उभे राहतात. याला ट्रॅफिक लाइट म्हणतात, आणि पुण्यातल्या सिग्नलपेक्षा बरा, चारही बाजू नियमाने चालतात. आता तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या पिढीत १२ च आकडा आहे ना? तिन्ही चित्रं वेगळी आहेत. १२ नंतर लगेच १२ आले म्हणून कोणी "थांबलं" असं म्हणून सोडून दिलं तर ते ऑसिलेटरपर्यंत पोचलंच नाही. तुमचे आकडे जुळले नाहीत तर जिथे पहिल्यांदा फरक पडला त्याच्या आधीची पिढी परत मोजा, नव्वद टक्के वेळा कडेचा एखादा जन्म सुटलेला असतो.

जाता जाता चारची ओळही करून बघा, दोन पिढ्यांत मधमाशीच्या घरासारखा सहा घरांचा आकार होतो आणि तिथेच गार पडतो. तीनला नाचतं, चारला बसतं, पाचला परत नाचतं. यात काही सरळ हिशोब नाही, करून बघावं लागतं.

पल्सर

दोनपेक्षा मोठ्या पिरियडमध्ये आपोआप सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो पल्सर, पिरियड ३. हा १३ बाय १३ च्या जागेत मांडायचा, ओळी तीनच प्रकारच्या:

□□■■■□□□■■■□□ ही ओळ १, ६, ८ आणि १३ वर
■□□□□■□■□□□□■ ही ओळ ३, ४, ५ आणि ९, १०, ११ वर
२, ७ आणि १२ पूर्ण रिकाम्या

मोजा, ४८ राजमे लागतील. पुढे ५६, मग ७२, मग परत ४८. याचं जुनं नावच सीपी ४८-५६-७२ असं होतं, सीपी म्हणजे केंब्रिज पल्सर, कारण १९६७ मध्ये जॉसलिन बेलला केंब्रिजला पहिला खरा पल्सर, म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओ लहरींची टिकटिक करणारा तारा, सापडला तेव्हा आकाशातल्या पल्सरना अशीच नावं देत होते. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश आहेत ना, त्या खऱ्या पल्सरच्या टिकटिकीचाही अभ्यास करतात. भाचीला तिथे सायन्स डेला नेलं होतं तेव्हापासून ती या आकाराला "खोडदवाला" म्हणते.

७२ राजमे आणि कडेला जागा सोडायची म्हणून जाळी निदान १७ बाय १७ ठेवा, तो पसरतो तेव्हा १५ बाय १५ होतो. आणि मांडणी चारही बाजूंनी सारखी असल्यामुळे पाव भागच मोजा आणि बाकी आरशात धरल्यासारखं उतरवा. ठिपक्यांची रांगोळी काढताना आपण हेच करतो. सुरुवात सारखी असेल तर पुढची प्रत्येक पिढी सारखीच राहते, म्हणून एखाद्या पिढीत डावं-उजवं वेगळं दिसलं तर तुमची मोजणी चुकलीय, नक्की.

परत आलं म्हणजे नेमकं काय

इथून पुढे कागद सोडून कंप्युटरवर या. गॉली नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, माऊसने घरं भरायची आणि स्पेस बार दाबत एकेक पिढी पुढे जायचं. किंवा स्वतःचा प्रोग्राम लिहा, चाळीस-पन्नास ओळींत होतो. पण ऑसिलेटर सापडला असं म्हणायच्या आधी चार गोष्टी तपासायच्या.

एक म्हणजे पूर्ण चित्र साठवा, संख्या नाही. प्रत्येक पिढीतल्या जिवंत घरांचे पत्ते ओळीने लावून एक लांबलचक स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, बनवा आणि ती डिक्शनरीत, म्हणजे प्रोग्राममधल्या नोंदवहीत, पिढीच्या नंबरासकट टाका. नवी स्ट्रिंग आधीच असली की दोन नंबरांची वजाबाकी म्हणजे पिरियड. टोडला हा हिशोब २ देतो, संख्या मोजणारा १ देईल.

दुसरं, जागाही तीच हवी. ग्लायडर नावाचा पाच घरांचा आकार दर चार पिढ्यांनी हुबेहूब तोच होतो, पण एक घर तिरका सरकलेला असतो. त्याला ऑसिलेटर म्हणत नाहीत, तो प्रवासी. म्हणून पत्ते साठवताना चित्र कोपऱ्यात ओढून घेऊ नका, नाहीतर ग्लायडरपण ऑसिलेटर ठरतो.

तिसरं, कडा. ही माझी दुसरी फजिती आणि ही जास्त लाजिरवाणी आहे, कारण मी मित्राला रात्री साडेअकराला फोन केला होता की मला पिरियड ८० चा काहीतरी अफलातून सापडलाय. माझी जाळी होती २० बाय २० आणि मी कडा एकमेकांना जोडून ठेवल्या होत्या, उजवीकडून बाहेर गेलं की डावीकडून आत. एक फालतू ग्लायडर दर चार पिढ्यांना एक घर या वेगाने वीस घरं चालून ८० पिढ्यांनी घरी परत येत होता, बस. मित्राने दोन मिनिटांत विचारलं, जाळी २१ केलीस तर? केली, तर पिरियड ८४ झाला. तेव्हापासून नियम, जाळीचा आकार बदलून परत चालवा, पिरियड बदलला तर ते जाळीचं कर्तृत्व आहे, आकाराचं नाही. कडा बंद ठेवल्या तरी वेगळा घोळ आहेच, ग्लायडर भिंतीला धडकतो आणि दोन बाय दोनचा ठोकळा होऊन बसतो. तेव्हा मोकळी जागा भरपूर ठेवा, गॉलीत तर जाळीला तशी हद्दच नसते.

चौथं जरा सूक्ष्म आहे. ब्लिंकर आणि पल्सर एकमेकांपासून लांब ठेवले तर सगळं मिळून दर सहा पिढ्यांनी परत येतं, लसावि. म्हणून पिरियड ६ सापडला का? दोन माळा, एक दर दोन सेकंदांनी, दुसरी दर तीन सेकंदांनी, शेजारी टांगल्या म्हणून सहा सेकंदांची माळ होत नाही. यावर उपाय असा की प्रत्येक घराचा स्वतंत्र हिशोब ठेवा, हे घर लागलं-विझलं त्याची नोंद पूर्ण एका फेरीची, आणि त्या घराचा स्वतःचा पिरियड काढा. निदान एका घराचा तरी पूर्ण पिरियड यायला हवा, नाहीतर तो नुसता जोडकाम केलेला ऑसिलेटर. हा हिशोब केलात की आणखी एक फायदा, जी घरं कधीच बदलत नाहीत ती वेगळी दिसतात. त्यांना स्टेटर म्हणतात आणि बदलणाऱ्यांना रोटर, मोटारीसारखंच. बीकनमध्ये आठातली सहा घरं नुसती खांब धरून उभी आहेत आणि काम दोनच करतात. आमच्या ऑफिसची आठवण येते.

नवे शोधायचे कुठून

सगळ्यात सोपं म्हणजे सूप. १६ बाय १६ च्या चौकोनात नाणं उडवल्यासारखी अर्धी घरं भरायची, चालवायचं आणि शांत झाल्यावर काय उरलं ते बघायचं. ब्लिंकर ढिगाने मिळतात, टोड आणि बीकन अधूनमधून, पल्सर मिळाला की पार्टी. धीर ठेवा, नुसत्या पाच घरांचा आर-पेंटोमिनो शांत व्हायला ११०३ पिढ्या घेतो. साध्या सुपापेक्षा रांगोळीवालं सूप जास्त फळतं, म्हणजे पाव भाग भरा आणि चारी बाजूंना आरसा लावा, पल्सरसारखे आकार त्यातून जास्त वेळा निघतात.

दुसरा रस्ता म्हणजे साध्या आकारांच्या सुरुवाती. एका ओळीत दहा घरं टाका, काही पिढ्यांनी त्यातून पेंटाडेकॅथलॉन तयार होतो, पिरियड १५, आणि इतका देखणा की मी अजूनही कधीकधी नुसता लावून ठेवतो. ती दहाची ओळ मात्र त्या चक्रात परत कधीच येत नाही, म्हणून "सुरुवातीशी जुळतंय का" एवढंच तपासणारा प्रोग्राम आयुष्यभर वाट बघत बसेल. मागच्या सगळ्या पिढ्यांशी जुळवा, डिक्शनरी त्यासाठीच आहे.

मोठे पिरियड बनवायचे असतील तर वाट बघण्यापेक्षा बांधकाम करावं लागतं. दोन पेंटाडेकॅथलॉन समोरासमोर नीट ठेवले की त्यांच्यात एक ग्लायडर टेबल टेनिससारखा इकडून तिकडे होत राहतो, पिरियड ६०, आणि दोघांना लांब लांब नेत गेलं की १८०, ३०० असं कितीही मोठं करता येतं. याच कल्पनेचा पुढचा अवतार म्हणजे ग्लायडरला काटकोनात वळवून स्वतः पहिल्यासारखा होणारा अडसर. २०१३ मध्ये माइक प्लेलला असा छोटासा अडसर सापडला, त्याला स्नार्क म्हणतात, चार कोपऱ्यांवर चार स्नार्क ठेवून आत ग्लायडर फिरवायचे. दोन ग्लायडरमध्ये निदान ४३ पिढ्यांचं अंतर लागतं, म्हणून ४३ आणि त्यापुढचे सगळे पिरियड एका फटक्यात झाले. त्याआधी डेव्हिड बकिंगहॅमच्या १९९६ च्या पद्धतीने ६१ आणि पुढचे होत होते.

पण ४३ च्या खालचे एकेक करून शोधावे लागले, आणि शेवटी अडून बसले १९ आणि ४१. ते दोन्ही २०२३ च्या जुलैमध्ये सापडले, १९ मिचेल रायलीला आणि ४१ निको ब्राउनला, म्हणजे खेळ छापून आल्यावर ५३ वर्षांनी. आता कुठलाही पिरियड सांगा, त्याचा ऑसिलेटर आहे.

घरचा अभ्यास

तीन बाय तीनचे दोन गच्च चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून तिरके ठेवा, १८ राजमे. हा फिगर एट, हाही नॉर्टनचाच, १९७० चा, पिरियड ८. हाताने करा. पहिल्याच पिढीत १८ चे १४ झाले पाहिजेत, नाही झाले तर दोन चौकोन जिथे भिडतात तिथले कोपरे तपासा, त्यांना तीन नाही, चार शेजारी आहेत. चौकोनांच्या भेटीजवळच्या रिकाम्या घरांनाही चार येतात, तिथे जन्म नाही. तिरक्या रेषेच्या दोन्ही बाजूंना चित्र सारखं राहतं, म्हणून अर्धंच मोजलं तरी भागतं.

आम्ही हा दिवाळीच्या सुट्टीत हॉलच्या फरशीवर केला, कामवाल्या मावशींना पुसायला उशिरा या असं आदल्या दिवशी सांगून. सातव्या पिढीपर्यंत सगळं मस्त, आठव्या पिढीला १८ यायला हवे होते, आले १७. भाची म्हणाली मामा पिरियड चुकलाय तुझा, मी म्हटलं नॉर्टनचा पिरियड चुकत नाही, परत मोज. तिने परत मोजले, मी परत मोजले, दोघांनी सातवी पिढी उलगडून पुन्हा केली, तरी १७. अठरावा राजमा सोफ्याखाली होता.